बानाबाई, शेंद्र्याकडची

सोनाजी आबा वर्तमानपत्र मागच्या पानाकडून वाचायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तेहेतीस वर्षं गाड्यांच्या वेळा पुकारून झाल्यावर त्यांना घाईच्या बातम्यांचा कंटाळा आला होता. त्या रविवारीही पुंडलिकनगरच्या घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसल्यावर त्यांनी आधी पुरवणी उघडली.

पुरवणीत गेल्या दिवाळीपासून एक सदर येत होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या फोटोंची खोकी सापडली होती. फोटो पुढाऱ्यांचे किंवा सभांचे नव्हते, साध्या माणसांचे होते. टांग्याच्या घोड्याला पाणी पाजणारा म्हातारा, नळावर घागरींच्या रांगेत भांडणाऱ्या बाया, हिमरूच्या मागावर वाकलेला कारागीर. दर रविवारी त्यातला एक छापायचा आणि खाली विचारायचं, यांना कुणी ओळखतं का. आबांना हे सदर आवडायचं. माणूस ओळखीचा निघाला नाही तरी एखादी भिंत, एखादी पाटी, एखादं झाड ओळखू यायचं, आणि मग ते नात श्रेयाला बोलावून दाखवायचे की इथं आता अमुक दुकान आहे.

त्या रविवारी फोटोत एक बाई होती. रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसलेली. पुढ्यात कडुलिंबाच्या दातवणाच्या जुड्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून छातीशी गच्च आवळलेला आणि दोन्ही हात त्याच्या आत. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. तिची नजर जरा बाजूला, रस्त्याच्या वरच्या अंगाला लागलेली होती. खाली ओळ होती : 'औरंगपुरा, फेब्रुवारी १९६२. छायाचित्राच्या पाकिटावर "बानाबाई, शेंद्र्याकडची" अशी नोंद आहे.'

आबांनी कप खाली ठेवला.

त्यांच्या आईचं नाव बानाबाई होतं. शेंद्र्याच्या शिवारापलीकडे त्यांच्या मेंढपाळ भाऊबंदांची वस्ती होती, ती तिथलीच सून. पण ती छप्पन साली गेली होती. माहेरी गेलेली असताना पटकीची साथ आली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं, असं वडिलांनी, म्हणजे सांडू दादांनी, सांगितलं होतं. सोनाजी तेव्हा पाच वर्षांचा होता. आईचा एकही फोटो घरात नव्हता. त्या काळात त्यांच्या वस्तीवर फोटो काढायला कोण येणार? तिचा चेहराही त्यांना आठवत नव्हता. आठवायची ती तिची मान. मेंढरांमागे चालताना ती त्याला घोंगडीच्या खोळीत पाठीवर बांधायची, आणि त्याच्या डोळ्यांपुढे दिवसभर तिची उन्हाने काळवंडलेली मान आणि घामाने चिकटलेले केस असायचे. फोटोतली बाई समोरून होती. ओळखायचं तरी कशावरून?

"नावासारखं नाव असतं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुरवणी घडी घालून ठेवली. पण दुपारी जेवायच्या आधी त्यांनी ती परत उघडली, आणि संध्याकाळी श्रेयाकडून कात्री मागून घेतली.

सोमवारी ते रिक्षाने औरंगपुऱ्यात गेले. कचेरी एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होती. खोक्यांचं काम करुणा नावाची एक पस्तिशीतली बाई बघत होती. हातात पांढरे सुती मोजे, टेबलावर खालून दिवा लावलेली काच, आणि भिंतीलगत चपलांच्या खोक्यांसारखी खोकी छतापर्यंत.

"ओळखता का काका यांना?" तिने विचारलं.

"नाही सांगता येत," आबा म्हणाले. "नाव जुळतंय, गाव जुळतंय. साल जुळत नाही. तारीख बरोबर आहे का, एवढं बघायला आलो."

करुणाने पाकीट काढलं. खाकी कागदाचं, कडा खाऊन गेलेल्या. हे फोटो काढणारे काकासाहेब नावाचे गृहस्थ होते, असं तिने सांगितलं. सायकलवरून हिंडायचे, आणि ज्याचा फोटो काढला त्याच्याशी काय बोलणं झालं ते पेन्सिलीने पाकिटावर लिहायचे. ते जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पाकिटावर तारीख स्पष्ट होती, ११ फेब्रुवारी १९६२. तिच्याखाली लिहिलेलं आबांनी चष्मा वर करून वाचलं : 'दातवणवाली बानाबाई. शेंद्र्याकडची. आधी नको म्हणाली. मग म्हणाली, काढा, पण हात काढू नका.'

"हे शेवटचं छापलं नाही तुम्ही," आबा म्हणाले.

"नाही छापलं. विचारायचं होतं कुणाला तरी आधी." करुणाने पाकीट बाजूला ठेवलं. "दोन निगेटिव्ह आहेत काका. पहिला तिला विचारायच्या आधी काढलेला दिसतोय. बघायचा आहे का?"

तिने संगणकाच्या पडद्यावर तो उघडला. त्यात बाईला कुणी फोटो काढतंय हे माहीत नव्हतं. ती जुडी बांधत होती. दोरीचं एक टोक दातांत धरलेलं, आणि दोन्ही मनगटांच्या मध्ये काड्या दाबून धरलेल्या. बोटं आत वळलेली होती. उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यावरच संपत होती.

आबांनी असे हात पाहिले होते. स्टँडवर, खिडकीच्या जाळीतून.

"महारोग," ते म्हणाले.

"हो. म्हणून हा छापला नाही आम्ही."

"मग ही नाही. माझ्या आईला असलं काही नव्हतं." आबा उठले. बोलले तेव्हा त्यांना त्यात शंका नव्हती. जिना उतरताना मात्र मधल्या पायरीवर ते थांबले. आईचे हात कसे होते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. त्यांची थोरली बहीण साळूबाई. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आता ब्याऐंशी. काचबिंदूने तिची नजर सहा वर्षांपूर्वी पूर्ण गेली होती. फोटो दाखवून उपयोग नव्हता, तरी आबांनी कात्रण खिशात घातलं. श्रेया शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला होती. बुधवारी तिची दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. तिने आजोबांना स्कूटीवर मागे बसवून नेलं.

साळूबाईचं गाव आता कंपन्यांच्या भिंतींमध्ये सापडलं होतं. पण तिच्या लेकाने दोन एकर राखलं होतं आणि घरापुढचा ओटा तसाच होता. ती ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. अंगठ्याने दाबायची, दाणे एका हाताला, टरफलं दुसऱ्या हाताला. डोळ्यांची गरज नव्हती.

"आक्का, मी सोना."

"कळलं. चपला वळखल्या. बरोबर कोण, श्रेया व्हय?"

श्रेयाने पाया पडून तिच्या शेजारी बैठक मारली आणि शेंगा फोडायला घेतल्या. आबा थोडं इकडचं तिकडचं बोलले. मग सरळ म्हणाले, "आक्का, पेपरात एक फोटो आलाय. लई जुना. दातवण विकणारी बाई. बानाबाई, शेंद्र्याकडची, असं लिवलंय."

साळूबाईचा अंगठा शेंगेवर थांबला.

"कुठली जागा?"

"औरंगपुरा."

मग तिने विचारलं, "हात दिसतेत का तिचे?"

आबांनी खिशातलं कात्रण चाचपलं. "एका फोटोत पदराखाली हायत. एकात दिसतेत."

"बोटं वळल्याली?"

"व्हय."

"मग तीच हाय," साळूबाई म्हणाली. "आपली माय हाय ती."

तिने मांडीवरची शेंगांची परात बाजूला सारली. श्रेयाला म्हणाली, "पोरी, जरा पाणी आण." पाणी आलं, ते प्याली, आणि मग तिने जे सांगितलं ते एकोणसत्तर वर्षं तिच्या पोटात होतं.

"सकाळची येळ व्हती. माय भाकरी करत व्हती, मी पीठ मळून देत व्हते. मला वास आला. कातडं करपल्यावानी. बघितलं तर मायचा पंजा तव्यावर टेकल्याला. ती आपली तुझ्याकडं बघून बोलत व्हती काहीतरी. मी म्हणलं, माय, तुझा हात भाजतोय. तिनं हात काढला. बघितला. म्हणली, कुणाला सांगू नको. पन मी घाबरले व्हते सोना. मी रडत भाईर पळाले, तर दादा समोर. मी सांगून टाकलं."

"मग?"

"मग भाऊबंद बसले. तिच्या पाठीवर चट्टे निघाले. म्हणले, वस्तीत ठेवता येत नाय, लेकरंबाळं हायती, मेंढरांचं दूध भाईर जातं. दादा काय बोलले नाय. त्यांचं काय चाललं असतं का नसतं, मला आजून कळत नाय. भल्या पहाटं तिला घेऊन गेले. तू झोपला व्हता. तिला म्हणले, पोराला हात लावू नको. ती उंबऱ्यापाशी बसून तुझ्याकडं बघत ऱ्हायली, मग उठली. पंधरा दिवसांनी दादांनी डोकं भादरलं आन सांगितलं, पटकीनं मेली."

आबा जमिनीकडे बघत होते. "आन आपण दरसाल पितरात नवमीला तिचं पान वाढायचो. मी गच्चीवर... नाय, छपरावर घास ठेवायचो कावळ्याला."

"जित्या मानसाचं वाढायचो," साळूबाई म्हणाली. "मला ठाव नव्हतं तवा. मला नंतर कळलं."

लग्न होऊन ती या गावी आली. तिचे मालक घोंगड्या विकायला औरंगाबादला जायचे, एकदा तिलाही घेऊन गेले. एकसष्ट सालचा दसरा होता. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईने तिला हाक मारली. साळूबाईने आवाजावरून ओळखलं आणि तिथेच खाली बसली. आईने तिला जवळ येऊ दिलं नाही. चार हात लांबून दोघी बोलल्या. खाम नदीच्या काठाला अशा माणसांच्या झोपड्या होत्या, तिथं ती राहायची. गिऱ्हाईकाने जुडी आपल्या हाताने उचलायची आणि पैसे गोणपाटावर टाकायचे. हात पदराखाली असल्यामुळे नव्या माणसाला काही कळायचं नाही.

"पन तिथंच का?" आबांनी विचारलं. "एवढ्या गर्दीत?"

साळूबाईने तोंड त्यांच्याकडे वळवलं. "तुला त्याच साली बोर्डिंगात घातलं नव्हतं का दादांनी? तुझं बोर्डिंग तिथून जवळ. शाळेला जायची वाट तीच. तिला कुणाकडनं तरी कळलं. मला म्हणली, सकाळी जाताना दिसतो, दुपारी येताना दिसतो. मी म्हणलं, मी त्याला आणते तुझ्यापाशी. तर तिनं मला शपथ घातली. तुझ्या डोक्याची. म्हणली, बोर्डिंगात कळलं तर त्याला काढून टाकतेल. शिकू दे त्याला."

श्रेयाचा हात शेंगांत तसाच होता. आबांनी विचारलं, "कधी गेली?"

"ठाव नाय. चौसष्ट साली आम्ही गेलो तर जागा रिकामी. शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं, पंधरा दिवस झाले, आली नाय. मी नदीकाठाला गेले. तिथली एक बाई म्हणली, गाडीत घालून नेली. कुठं नेली, पुरली का जाळली, कुणाला ठाव नाय."

"मला सांगायचं तरी, आक्का. ती गेल्यावर तरी."

"तवा तुझी शाळा व्हती. मग मॅट्रिक, मग नोकरी. मग तुझं लगीन ठरत व्हतं, म्हणलं, सोयऱ्यांना कळलं तर. मग तुझ्या हनुमानचं लगीन. दर खेपेला काही ना काही मधी आलं, सोना. मग माझे डोळे गेले. म्हणलं, जाऊ दे, आता संपलंच सगळं." तिने परात परत जवळ ओढली. "मीच बोलले ना. मी गप बसले असते तर आजून वरीसभर राहिली असती घरात. तू तिला वळखला असता."

आबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू तेरा वर्साची व्हती आक्का."

"तेरा म्हणजे काय ल्हान नसतं," साळूबाई म्हणाली.

परतताना श्रेया गाडी हळू चालवत होती. घरी आल्यावर ते गॅलरीत बसले, आणि श्रेया कामाला निघून गेल्यावर, दुपारच्या त्या शांततेत, त्यांना दातवणवाली आठवली.

चेहरा नाही आठवला. जागा आठवली. बोर्डिंगातून निघाल्यावर डाव्या हाताला चिंचेचं झाड, पुढे पिठाची गिरणी, गिरणीच्या कोपऱ्यावर दातवणवाली, आणि तिच्यापुढे सायकलचं दुकान. मोठ्या मुलांनी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की तिच्याजवळून जाताना श्वास घ्यायचा नाही, तिचा वारा लागतो. गिरणीपाशी आलं की सगळ्यांनी गाल फुगवायचे आणि सायकलच्या दुकानापर्यंत पळत सुटायचं. जो आधी श्वास सोडेल तो हरला. सोनाजी कधीच हरला नाही. वस्तीवरचा, मेंढरांमागे धावलेला पोरगा होता, छाती भरलेली होती. तीन वर्षं, सकाळ-दुपार, तो तिच्यासमोरून गाल फुगवून पळत गेला होता, आणि ती त्याच्यासाठी तिथं बसली होती.

तिने काय पाहिलं असेल? लेक आपल्याला बघून तोंड बंद करून पळतो, एवढंच.

ते कितीतरी वेळ बसून राहिले. सुनेने दोनदा जेवायला बोलावलं. तिसऱ्यांदा ती बाहेर आली तेव्हा आबा रडत होते, आणि तिने त्यांना आजवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून ती घाबरून आत गेली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

हनुमान संध्याकाळी लवकर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या पाठीवर हात ठेवून बसला. आजीबद्दल दोन-चार गोष्टी विचारल्या. पण आबा म्हणाले की पेपरवाल्यांना जाऊन सांगणार आहे, त्यांनी विचारलंय, यांना कुणी ओळखतं का, तेव्हा त्याने हात काढून घेतला.

"सांगा की नाव. पण आजाराचं कशाला?"

"का नको?"

"आबा, जालन्याच्या पाहुण्यांना श्रेया पसंत आहे. या महिन्यात बैठक ठरेल. लोक अजून विचारतात घराण्यात काय आहे म्हणून. आता औषध आहे, बरं होतं, पिढीत उतरत नाही, हे तुम्हाला-मला कळतं. त्यांच्या म्हातारीला कोण समजावणार? लग्न होऊन जाऊ द्या, मग काय छापायचं ते छापा."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. हेच शब्द एका दिवसात दुसऱ्यांदा ऐकल्यासारखे त्यांना वाटले. बोर्डिंग होऊ द्या, मॅट्रिक होऊ द्या, लग्न होऊ द्या.

श्रेया पाळी संपवून रात्री उशिरा आली तेव्हा ते झोपले होते. सकाळी तिनेच विषय काढला. "पप्पांनी सांगितलं मला."

"तुला काय वाटतं?"

श्रेया म्हणाली, "मला भीती वाटते आबा. मुलगा मला खरंच आवडलाय." मग म्हणाली, "पण साळूआजी काल जशी बोलत होती ना, तसं मला म्हातारपणी कुणाला काही सांगायला लागू नये. तुम्ही जा."

आबा कचेरीत गेले. करुणाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मध्ये एकही शब्द न बोलता सगळं लिहून घेतलं. तव्यावरचा हात, नवमीचं पान, बोर्डिंगची वाट. श्वास धरायचंही त्यांनी सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं.

ती संपादकांच्या खोलीत जाऊन आली. "साहेब म्हणतात, दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापू. हात दिसलेला मोठा. लोकांच्या काळजाला भिडेल."

"रोगाचं नाव लिहा," आबा म्हणाले. "महारोग म्हणा, कुष्ठरोग म्हणा. तिला घरातून काढलं ते लिहा. काढणारा माझा बाप होता तेही लिहा. पण हात छापू नका. काकासाहेबांना तिने सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकलं होतं."

"पण आता लपवायचं कशाला, असं साहेब..."

"मला माहीत नाही कशाला. तिला लाज वाटत होती म्हणून, का मला कुणी ओळखेल म्हणून. ती असती तर विचारलं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आयुष्यात तिने एकच गोष्ट मागितलेली कागदावर आहे. तेवढी राहू द्या."

करुणा परत आत गेली. या वेळी तिला जास्त वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन्ही फोटोंच्या प्रती होत्या. "छापणार नाही," ती म्हणाली. "हे तुमच्यासाठी."

पुढच्या रविवारी आला तो आधी छापलेलाच फोटो, पदरातले हात, आणि खाली अर्धं पान मजकूर. हनुमानने वर्तमानपत्र वाचलं, घडी घातली आणि टीपॉयवर ठेवलं. दिवसभर तो घरात सगळ्यांशी नेहमीसारखा बोलला, फक्त बापाशी बोलला नाही. जालन्याहून त्या आठवड्यात फोन आला नाही, पुढच्याही नाही. कारण तेच होतं की दुसरं काही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि इकडून कुणी विचारलं नाही. श्रेया कामावर जायची, यायची. एकदा तिच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं, आणि आबा दाराबाहेर उभे राहून परत गेले. आपण जे केलं त्याची किंमत आपण भरलेली नाही, हे त्यांना तेव्हा लख्ख कळलं.

फोटो त्यांनी साळूबाईकडे नेला. तिने तो हातात घेतला, गुळगुळीत कागदावरून बोटं फिरवली, आणि म्हणाली, "यात काय लागत नाय हाताला." मग तो लेकाकडे देऊन देवळीत ठेवायला सांगितला.

वर्तमानपत्राच्या कचेरीत काही पत्रं आली, काही फोन. बहुतेक अनोळखी लोकांचे. तिसऱ्या आठवड्यात करुणाने आबांना विचारून त्यांचा नंबर एकाला दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"सोनाजी का? मी साहेबराव. कन्नडचा. बोर्डिंगात तुझ्या शेजारी ट्रंक व्हती माझी."

आबांना तो आठवला. किरकोळ, सतत खोकणारा मुलगा. साठ वर्षांत भेट नव्हती.

"नातवानं वाचून दाखवलं मला," साहेबराव म्हणाला. "तवापासून झोप नाय. ती तुझी माय व्हती व्हय रे?"

"व्हय."

"मला दमा व्हता, तुला ठाव हाय. तुम्ही श्वास धरून पळायचे, मला ना श्वास धरता यायचा ना पळता यायचं. मी आपला मागून हळूहळू यायचो. म्हणून ती माझ्याशी बोलायची. मी कुणाला सांगितलं नाय कधी. तुम्ही मला शिवला नसता."

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. गॅलरीत ऊन आलं होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

"तुला गोवर निघाला व्हता बघ, सहावीत," साहेबराव सांगत होता. "बारा-तेरा दिवस तू खोलीतच व्हता. तवा एक दिवस ती मला म्हणली, तुमच्यातला तो उंचेला पोरगा दिसत नाय. मी म्हणलं, सोनाजी? त्याला गोवर निघालाय. तर तिचं तोंड असं झालं... मला वाटलं, हिला पोरांची लई माया दिसतीय. मग रोज विचारायची. ताप उतरला का. आज बसला का उठून. तू भाईर येस्तोवर रोज."

"तू काय सांगायचा?"

"मी सांगायचो, बराय. एक दिवस म्हणली, जेवतो का. तू तवा काही खात नव्हता, पेज सुदिक उलटायची. पण मी म्हणलं, दोन भाकरी खातो. आपलं उगंच. मग तिला बरं वाटलं. म्हणली, जा बाबा, शाळेला उशीर व्हईल तुला."

साहेबरावाच्या छातीतली घरघर फोनमधून ऐकू येत होती.

"साहेबराव," आबा म्हणाले, "तिचा आवाज कसा होता?"

साहेबराव खूप वेळ विचार करत राहिला.

"आता नाय आठवत बघ," तो म्हणाला.